पाडायचे किती, राखायचे किती? – इंदूरच्या राजवाड्याची गोष्ट

इंदूरचे नाव निघाले की आपल्या गोव्यातल्या मराठी माणसाला आधी लता मंगेशकर आठवतात. दीनानाथांचे मूळ आपल्या मंगेशीचे, पण लताबाईंचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदूरच्या शीख मोहल्ल्यातला. त्यानंतर आठवतात अहिल्याबाई होळकर आणि खाण्याची हौस असलेल्यांना रात्री भरणारा सराफा. पण आज लिहायचे आहे ते या सराफ्यापासून हाकेच्या अंतरावर उभ्या असलेल्या होळकरांच्या राजवाड्याबद्दल. कारण या वास्तूच्या नशिबी जो प्रश्न वारंवार आला, तो आज आपल्या गावागावांत, वाड्यावाड्यांवर आणि सरकारी कचेऱ्यांतही येऊन उभा राहिला आहे. इमारतीचा एक भाग गेला, तर उरलेला राखायचा की सगळीच जमीनदोस्त करून मोकळे व्हायचे?

प्रश्न ऐकायला साधा वाटतो. अभियंता येईल, बघेल, सांगेल आणि विषय संपेल, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तसे होत नाही. या प्रश्नात पैसा असतो, भाडेकरू असतो, भाऊबंदकी असते, पावसाळा असतो, आणि राजवाड्यासारखी वास्तू असेल तर एका अख्ख्या शहराची ओळख असते.

आधी थोडा इतिहास. मल्हारराव होळकर हे नीरेकाठच्या होळ गावचे. बाजीराव पेशव्यांच्या काळात त्यांनी माळव्यात पाय रोवले. राजवाड्याचे बांधकाम साधारण १७४७ सालचे मानले जाते. इमारत सात मजली. खालचे तीन मजले दगडाचे, वरचे चार लाकडाचे. दर्शनी बाजूला खिळे ठोकलेला अवाढव्य लाकडी दरवाजा, त्यावर सज्जे आणि झरोके, आत चौक. मराठी वाड्याची मांडणी आणि तिच्यावर मोगल, राजपूत धाटणीचे नक्षीकाम, असा हा संगम आहे. मल्हाररावांनंतर अहिल्याबाईंनी राजधानी महेश्वरला नेली, त्यामुळे राजवाड्याचे महत्त्व काही काळ कमी झाले.

पहिला घाव बसला १८०१ साली, आणि तो परक्याने घातलेला नव्हता हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये पुण्यात विठोजी होळकरांना पेशव्यांनी हत्तीच्या पायी दिले. जुलैत यशवंतराव होळकरांनी उज्जैनला शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. त्याचा सूड म्हणून ऑक्टोबरमध्ये दौलतराव शिंद्यांचे सासरे सर्जेराव घाटगे इंदूरवर चालून आले. शहर लुटले गेले आणि राजवाड्याला आग लागली. मराठ्यांनी मराठ्यांचाच वाडा जाळला! पुढच्या वर्षी २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईत यशवंतरावांनी शिंदे-पेशव्यांना हरवून उट्टे काढले, पण जळलेला वाडा काही त्याने परत उभा राहिला नाही.

तो उभा राहिला पुढे, दुसऱ्या मल्हाररावांच्या कारकिर्दीत. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांचा इंग्रजांकडून पराभव झाला, ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला आणि राजधानी पुन्हा इंदूरला आली. राज्याचा गाडा हाकणारे दिवाण होते तात्या जोग, म्हणजे विठ्ठल महादेव किबे. हरलेले राज्य, रिकामी तिजोरी, वयाने लहान राजा आणि जळका वाडा, अशी ती परिस्थिती. अशा वेळी वाड्याची जागा बदलून दुसरीकडे नवा वाडा बांधणे हा मार्ग खुला होता. तो न घेता जुन्याच जागी, शिल्लक राहिलेल्या भागाला धरून दुरुस्ती आणि बांधकाम झाले. पुढे १८३४ साली पुन्हा आग लागली आणि वरचा मजला गेला. तेव्हाही तेवढाच मजला पुन्हा घातला गेला. म्हणजे आज आपण ज्याला 'अठराव्या शतकातला राजवाडा' म्हणतो तो मुळातच थरांचा आहे. खाली मल्हाररावांचा काळ, मध्ये तात्या जोगांचा, वर त्यानंतरचा.

याच्याशी पुण्याचा शनिवारवाडा ताडून बघण्यासारखा आहे. बांधणी तशीच, खाली दगड आणि वर लाकूड-विटांचे मजले. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी त्याला आग लागली आणि ती कित्येक दिवस धुमसत राहिली. दगडी जोती, तटबंदी आणि दिल्ली दरवाजा तेवढा राहिला. पण तिथे घराणे उरले नव्हते, पेशवाई बुडून दहा वर्षे झाली होती. त्यामुळे वरचे मजले पुन्हा घालावेत असे वाटणारा धनीच नव्हता. इंदूरला धनी होता, म्हणून वाडा परत उभा राहिला. इमारत राखायची की नाही हे चुना-विटांइतकेच तिला कोणी धनी आहे की नाही यावर ठरते, हे या दोन वाड्यांकडे बघितले की पटते.

राजवाड्याच्या गोष्टीत मध्येच एक स्कॉटिश माणूस येतो. त्याला वगळून हा विषय पुरा होणार नाही. पॅट्रिक गेडिस हे त्याचे नाव. शिक्षणाने जीवशास्त्रज्ञ आणि कामाने नगररचनाकार. तिसऱ्या तुकोजीरावांच्या दरबाराने त्याला बोलावले आणि १९१८ साली त्याचा इंदूरवरचा दोन खंडांचा अहवाल छापला गेला. त्या काळी शहरसुधारणेची एकच रीत साहेबी डोक्यात बसलेली होती. गल्ल्या अरुंद आहेत, प्लेग होतो, तर नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारा आणि रेघेत येईल ते पाडा. गेडिसने याला विरोध केला. त्याचे म्हणणे असे की आधी गल्लीतून पायी फिरा, घर न् घर बघा, कुठले खरोखर कोसळायला आले आहे आणि कुठले दुरुस्त होण्यासारखे आहे ते नोंदवा. मग जी मोजकी घरे अगदीच निकामी असतील तेवढी काढा, तिथे छोटासा चौक करा, झाड लावा, हवा खेळू द्या. बाकीच्यांना हात लावू नका. याला तो 'कॉन्झर्व्हेटिव्ह सर्जरी' म्हणत असे. आपल्या भाषेत सांगायचे तर, बोट कुजले तर बोट कापा, हात कापू नका.

गेडिसची इंदूरमधली दिवाळीची गोष्ट प्रसिद्ध आहे. शहरात प्लेग होता. लोकांना गेडिसचा संशय येई, नकाशा घेऊन फिरणारा हा साहेब आपली घरे पाडायला आलेला आहे असे त्यांना वाटे. तेव्हा त्याने महाराजांकडून एक दिवसापुरते राजेपण मागून घेतले. दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने न जाता ज्या मोहल्ल्यात घरांची सर्वांत जास्त साफसफाई आणि डागडुजी होईल त्या मोहल्ल्यातून जाईल, अशी दवंडी पिटली. मग काय, लोकांनी स्वतःच घरे साफ केली, रंगवली. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची भली मोठी प्रतिमा होती आणि सफाई कामगारांना मानाची जागा होती. जे काम पाडण्याच्या नोटिशीने झाले नसते ते लोकांना घरांचा अभिमान वाटू दिल्याने झाले.

आता येऊ मुख्य प्रसंगाकडे. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधींची हत्या झाली आणि देशभर शिखांविरुद्ध दंगली उसळल्या. इंदूरही त्यात होरपळले. त्या आगीत राजवाडाही सापडला. पुढचा सात मजली दर्शनी भाग वाचला, मागचा भाग जळून गेला. सागाच्या तुळया, खांब, तक्तपोशी, सगळे कोळसा झाले. माणसांच्या जिवांपुढे लाकडाचे दुःख करू नये हे खरे. पण राजवाड्याशी किंवा त्या राजकारणाशी काडीचा संबंध नसलेल्या माणसांची घरे आणि सगळ्यांचा असलेला राजवाडा एकाच आगीत जळावेत, यातून दंगल म्हणजे काय असते ते कळते.

आग विझल्यावर उरले काय? पुढे सात मजल्यांचा उंच भाग आणि मागे जळक्या भिंती. अशा वेळी तीन रस्ते असतात. सगळे पाडून जागा मोकळी करायची. जसे आहे तसे भग्नावशेष म्हणून ठेवायचे. किंवा जळका भाग काढून चांगला भाग राखायचा. इंदूरमध्ये तिसरा रस्ता घेतला गेला. पुढचा भाग राहिला आणि मागच्या जागेत कारंजी आणि जुनी शिल्पे मांडून बाग झाली. जवळजवळ वीस वर्षे राजवाडा म्हणजे पुढे महाल आणि दाराआड बगीचा, अशी स्थिती होती.

इथे थोडे तांत्रिक बोलणे भाग आहे, कारण बहुतेक लोकांचा गैरसमज इथेच होतो. अर्धी इमारत पाडणे हे पूर्ण पाडण्यापेक्षा सोपे आणि स्वस्त असते असे आपण धरून चालतो. खरे तर उलट आहे. पूर्ण पाडायला यंत्र लावले की झाले. अर्धी पाडताना मात्र उरलेल्या अर्ध्याचा विचार करावा लागतो. जुन्या वाड्यात दर्शनी भिंत एकटी उभी नसते. तिला मागून येणाऱ्या आडव्या भिंती आणि तुळया धरून ठेवतात. तुळईचे एक टोक पुढच्या भिंतीत, दुसरे मागच्या. मागचा आधार गेला की पुढची भिंत वाऱ्या-पावसाला एकटी तोंड देते. म्हणून आधी टेकू द्यायचे, मग खण खण करून, वरून खाली, हाताने काढत यायचे. जिथे तोडले तिथली उघडी पडलेली बाजू चुन्याने बंद करायची, नाहीतर आतली भिंत पाणी पिते. कधी काळी आतली असलेली भिंत पावसासाठी बांधलेलीच नसते.

याचे जिवंत उदाहरण आपल्याला इंदूरला जाऊन शोधायला नको. जुन्या गोव्यात संत ऑगस्टीनच्या चर्चचा मनोरा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधून पुरी झालेली ती भव्य वास्तू १८३५ साली ओस पडली. १८४२ साली छताची कमान कोसळली. तेव्हा दर्शनी भाग उभा होता, पण त्याच्यामागे काही उरले नव्हते. पुढे १९३१ साली दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा कोसळला. छत जाऊन नव्वद वर्षे झाली होती, तेवढी वर्षे चिऱ्यांनी एकट्याने कळ काढली. कुणी 'पाडा' असा हुकूम दिला नव्हता, कुणी 'राखा' असाही दिला नाही. निर्णय न घेणे हाही एक निर्णयच असतो, फक्त तो पावसाळ्यावर सोपवलेला असतो.

आणि घरगुती उदाहरण हवे असेल तर कुठल्याही गावात बघा. राजांगण असलेले जुने चिरेबंदी घर. आपल्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे मुलगे आणि मुली सगळ्यांनाच वाटा, त्यामुळे एका घराला वीस-पंचवीस वाटेकरी. एक भाऊ आपला अर्धा भाग पाडून सिमेंटचा बंगला घालतो. उरलेल्या अर्ध्याची मधली मातीची भिंत उघडी पडते. पहिल्या पावसाळ्यात तिला माडाच्या झावळ्या लावतात, दुसऱ्यात प्लॅस्टिक, आणि चौथ्या-पाचव्या पावसाळ्यात ती बसते. मग लोक म्हणतात, 'घर जुनेच होते, पडायचेच होते.' ते जुने असल्यामुळे पडलेले नसते, अर्धे कापल्यामुळे पडलेले असते.

इंदूरला हे टळले याचे श्रेय दोन गोष्टींना आहे. एक, पुढच्या भागावर सगळ्यांचे लक्ष होते. शहराची प्रत्येक सभा, प्रत्येक मिरवणूक, क्रिकेटचा प्रत्येक विजय याच चौकात साजरा होतो. दुसरे, मागचा भाग पुन्हा उभा करण्याचे काम हाती घेतले गेले. २००६ साली होळकर घराण्याच्या उषादेवी होळकर यांनी त्यासाठी पुढाकार घेतला. हिमांशू दुडवडकर आणि श्रेया भार्गव या वास्तुविशारदांनी हे काम पाहिले. शक्य तितके जुने साहित्य आणि जुनीच पद्धत वापरून, म्हणजे दगड, वीट, चुना आणि लाकूड यांनी, मागचा भाग २००७ पर्यंत उभा केला गेला. त्यानंतर स्मार्ट सिटीच्या काळात पुढच्या सात मजल्यांचेही मजबुतीकरण झाले. २० मे २०२५ रोजी अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दीनिमित्त मध्य प्रदेश मंत्रिमंडळाची बैठक याच राजवाड्यात झाली. जी वास्तू चाळीस वर्षांपूर्वी अर्धी जळून गेली होती तिच्यात आज राज्याचे मंत्रिमंडळ बसते!

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. जळालेले पुन्हा हुबेहूब बांधणे म्हणजे इतिहासाची नक्कल नव्हे काय? मागचा भाग २००७ चा, मग त्याला जुना का म्हणायचे? माझे मत असे की त्याला जुना म्हणूच नये. तिथे वर्ष लिहावे, १९८४ साली का जळला तेही लिहावे. पण नवे बांधले म्हणून खोटे ठरत नाही. तात्या जोगांनी तरी दुसरे काय केले होते? शिवाय, मागचा भाग आल्याने पुढच्या सात मजल्यांना पुन्हा पाठ मिळाली, हा फायदा वेगळाच.

याचा अर्थ सगळेच राखावे असा नाही. त्याच इंदूरमध्ये ३१ मार्च २०१८ रोजी सरवटे बसस्थानकाजवळची एक जुनी हॉटेलची इमारत कोसळून १० जण मेले. ती वेळेवर रिकामी करून पाडली असती तर ते वाचले असते. पुढच्याच वर्षी, २६ जून २०१९ रोजी, गंजी कंपाउंडमधले एक मोडकळीस आलेले घर पाडायला गेलेल्या महापालिकेच्या अधिकाऱ्यावर स्थानिक आमदार क्रिकेटची बॅट उगारत असल्याचे दृश्य देशभर दिसले. २०२४ साली न्यायालयाने त्या आमदारांची निर्दोष सुटका केली, तो भाग वेगळा. पण सरकारी नोकरीत असलेल्या माझ्यासारख्याला ते दृश्य विसरता येत नाही. पाडले तर भाडेकरू रस्त्यावर येतात, न पाडले आणि पडले तर जबाबदारी कोणाची असे विचारतात. मालकाला बहुधा सगळे पाडायचे असते, कारण घराबरोबर जुन्या भाड्याचा भाडेकरूही जातो. भाडेकरूला बहुधा काहीच पाडायचे नसते, कारण पुन्हा आत येता येईल याची खात्री नसते. दोघेही 'धोका' हाच शब्द वापरतात, एक मोठ्याने, दुसरा हळू. इमारतीला काय झाले आहे हे शांतपणे सांगणारा तिसरा माणूस दोघांनाही नको असतो.

मुंबई महापालिकेने यावर एक बरी वाट काढली आहे. धोकादायक इमारतींचे वर्ग पाडलेले आहेत. 'सी-१' म्हणजे रिकामी करून पाडायची. 'सी-२ ए' म्हणजे काही भाग रिकामा करून किंवा पाडून मोठी दुरुस्ती करायची. 'सी-२ बी' म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, आणि 'सी-३' म्हणजे किरकोळ डागडुजी. यात भांडणे होतच नाहीत असे नाही, पण 'पाडा' आणि 'राहू द्या' यांच्या मध्ये दोन पायऱ्या आहेत हे निदान कागदावर तरी मान्य केलेले आहे.

कागदावरून आठवले. पूर्ण पाडण्याची शिफारस कचेऱ्यांना का आवडते, याचे कारण अनेकदा अभियांत्रिकीत नसते, ते फाईलीत असते. इमारत पाडली की फाईल बंद होते. अर्धी राखली की फाईल उघडी राहते. दर वर्षी पावसाळ्याआधी तपासणी, दर वर्षी दुरुस्तीची तरतूद, दर वर्षी 'हे काम कोणाचे' हा पत्रव्यवहार. म्हणून राखण्याचा निर्णय घेताना पुढच्या तीस वर्षांचा माणूस आणि पैसा कुठून येणार हे त्याच कागदावर लिहिले पाहिजे. तसे न लिहिता राखलेली अर्धी इमारत म्हणजे लांबणीवर टाकलेले पाडकाम.

आपल्याकडे असे चांगले उदाहरण नाही असे नाही. २००४ साली इफ्फी गोव्यात आला तेव्हा पणजीतली जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाची वास्तू आणि मेकिनेझ पॅलेस पाडले न जाता नव्या कामाला लावले गेले. पण कला अकादमीचे काय झाले ते आपण पाहिले. चार्ल्स कोरियांनी आखलेली ती वास्तू, जिच्यातल्या मुख्य नाट्यगृहाला दीनानाथ मंगेशकरांचे नाव आहे आणि जिच्या रंगमंचावर आपली मराठी नाटके पिढ्यान् पिढ्या झाली. २०१९ साली तिथले खुले नाट्यगृह पाडण्याची भाषा सुरू झाली. लोकांनी आवाज उठवला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, पाडणे टळले. मग नूतनीकरण सुरू झाले आणि ते चालू असतानाच जुलै २०२३ मध्ये त्याच खुल्या रंगमंचावरचे छत कोसळले. मध्यरात्रीनंतरची वेळ होती म्हणून माणसे वाचली. पाडू नका म्हणणारे चुकले असा याचा अर्थ काहींनी काढला. मला तसे वाटत नाही. वास्तू राखा म्हणणे हे अर्धेच काम आहे. कशी राखणार, कोण राखणार आणि तोवर टेकू कोण देणार हे उरलेले अर्धे काम. ते लोकांनी विचारले नाही आणि सरकारने सांगितले नाही.

इंदूरच्या राजवाड्यापासून घ्यायचे ते एवढेच. १८०१ ला जळला, १८३४ ला जळला, १९८४ ला जळला. प्रत्येक वेळी शहराने विचारले की गेले किती आणि उरले किती. गेलेले बाजूला केले, उरलेल्याला आधार दिला, आणि जमले तेव्हा गेलेले पुन्हा घातले. यात एकदा वीस वर्षे गेली, तरी घाई करून सगळे साफ केले नाही.

या पावसाळ्याआधी आपापल्या गावातले एखादे अर्धे उरलेले घर, देवळाची जुनी अग्रशाळा किंवा शाळेची इमारत जरूर बघून घ्या. कापलेल्या बाजूची भिंत उघडी आहे का, एवढे जरी पाहिले आणि पंचायतीत सांगितले तरी पुष्कळ झाले.